ट्रेलरचा एसी पोर्टेबल जनरेटरवर: खोक्यावरच्या आकड्यापासून थंड हवेपर्यंत

जून-जुलैत भारतातून आई-बाबा येतात, मुलांच्या शाळा बंद असतात आणि अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांना वर्षातला सगळा लांबचा प्रवास त्याच सहा-आठ आठवड्यांत बसवावा लागतो. यूटा, अ‍ॅरिझोना, टेक्सास हे सगळे भाग नेमके तेव्हाच भाजून निघत असतात. गाडीमागे ओढायच्या, आत राहायची सोय असलेल्या ट्रेलरच्या छतावर एसी असतो खरा, पण तो कॅम्पग्राउंडच्या खांबावरच्या विजेवर चालतो, आणि बघण्यासारख्या जागी बहुधा खांबच नसतो. मग जनरेटर घ्यायचं ठरतं. दुकानात ‘आरव्ही रेडी’ (आरव्ही म्हणजे अशी चाकांवरची घरं) असं छापलेली खोकी ओळीने मांडलेली असतात आणि प्रत्येकावर एक ठळक आकडा असतो.

तो आकडा समुद्रसपाटीवरचा, पेट्रोलवरचा आणि काही क्षणांपुरताच असतो. तुमच्या एसीची गरज, तुमच्या जागेची उंची आणि तुमचं इंधन धरून तो खाली आणल्याशिवाय पैसे भरू नका. बहुतेकांची फसगत चुकीचा ब्रँड घेतल्याने होत नाही, ही वजाबाकी न केल्याने होते. पेन्सिल-कागद घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

आधी छतावर काय आहे ते बघा

ट्रॅव्हल ट्रेलरवर साधारण दोन मापांचे एसी असतात: १३,५०० बीटीयू आणि १५,००० बीटीयू. आपल्याकडे एसी टनांत मोजतात. १२,००० बीटीयूचा एक टन होतो. म्हणजे पहिला एक टनापेक्षा जरासा मोठा आणि दुसरा बरोबर सव्वा टनाचा. डोमेटिक आणि कोलमन-मॅक ही नावं सगळ्यात जास्त दिसतात, नव्या ट्रेलरवर फ्युरियनही दिसतं.

पुण्या-मुंबईतल्या घराचा अंदाज इथे वापरू नका. तिथे २३० व्होल्टवर सात-आठ अँपिअर घेणारा एसी आपण पाहिलेला असतो. इथे ट्रेलरचा एसी १२० व्होल्टवर चालतो, त्यामुळे तितक्याच कामाला जवळपास दुप्पट अँपिअर लागतात. १३,५०० वाला चालू असताना साधारण १२ ते १३ अँपिअर घेतो, म्हणजे १,४०० ते १,५०० वॉट धरा. १५,००० वाला १३ ते १६ अँपिअर, म्हणजे १,६०० ते १,९०० वॉट. हवा जितकी तापलेली तितका कॉम्प्रेसरवरचा दाब जास्त आणि तितकेच अँपिअरही जास्त. त्यामुळे मे महिन्यातल्या सुखद सकाळी घरासमोर घेतलेली चाचणी जुलैच्या दुपारबद्दल फार काही सांगत नाही.

नेमका आकडा हवा असेल तर एसीच्या आतल्या बाजूची जाळी आणि फिल्टर काढा. बहुतेक मॉडेलमध्ये तिथून वर टॉर्च मारली की खालच्या पत्र्यावर चिकटवलेली पट्टी दिसते. त्यावर कॉम्प्रेसरचे दोन आकडे असतात. ‘आरएलए’ म्हणजे चालताना लागणारे अँपिअर; त्यात पंख्याचे वेगळे मिळवायचे. ‘एलआरए’ म्हणजे मोटर जागची हलण्याआधी जो झटका घेते तो. हा दुसरा आकडा पहिल्यांदा बघताना माणूस दचकतो, कारण तो ५५ ते ६५ च्या आसपास असतो.

सुरू होतानाचा झटका

सगळी मारामारी या आकड्यापाशी आहे. तो झटका सेकंदाच्या काही भागापुरताच असतो, पण जनरेटरला तेवढा वेळ पुरतो. काय घडतं ते एकदा जवळून बघा. आधी नुसता पंखा फिरत असतो, जनरेटर एका सुरात गुणगुणत असतो. मग थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरला हाक मारतो. छतात ‘धप्’ असा आवाज होतो, ट्रेलरमधले दिवे क्षणभर मंद होतात, जनरेटरचा आवाज खाली बसतो आणि लगेच इंजिन ओरडत वर चढतं. ताकद पुरली तर दोन-तीन सेकंदांत सूर जुळतो. नाही पुरली तर कॉम्प्रेसर नुसता घुमतो, फिरत नाही, आणि जनरेटरवरचा ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. काही जनरेटरांत मजा अशी की लाल दिवा लागल्यावरही इंजिन चालूच राहतं, फक्त वीज बंद होते. आत बसलेल्याला वाटतं एसी बिघडला.

असं झालं तर लगेच पुन्हा बटण दाबू नका. कॉम्प्रेसर बंद पडला की नळ्यांतला दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी सुरू करायला गेलात तर मोटरला दाबाविरुद्ध फिरावं लागतं आणि झटका आणखी मोठा होतो. घाईघाईत चार वेळा प्रयत्न करून कॉम्प्रेसर जाळण्यापेक्षा चहा टाका.

खोक्यावरचा आकडा खाली आणा

जनरेटरवर दोन आकडे असतात: सुरुवातीचे वॉट आणि सलग चालण्याचे वॉट. ठळक अक्षरात असतो तो पहिला. होंडा ईयू२२००आय घ्या. नावात २,२०० आहे, पण सलग देतो १,८०० वॉट, म्हणजे १५ अँपिअर. यामाहाचा ईएफ२२००आयएस याच पठडीतला. हिशेब कायम दुसऱ्या आकड्यापासून सुरू करा.

त्यातून उंची वजा करा. वर गेलं की हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. दर १,००० फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद जाते, असं धरून चाला. उंचीसाठी कार्ब्युरेटरमध्ये वेगळा जेट (इंधन सोडणारा बारीक भोकाचा भाग) बसवला तर इंजिन नीट जळतं, धूर कमी होतो, पण गेलेली ताकद परत येत नाही.

मग इंधन. ड्युअल फ्युएल जनरेटर प्रोपेनवर चालवला की पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के कमी देतो. प्रोपेनचे फायदेही आहेत: ते शिळं होत नाही, सांडत नाही, कार्ब्युरेटर चिकट होत नाही. पण वजाबाकी करायलाच हवी.

उदाहरण म्हणून यूटातलं मोआब घेऊ. आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही राष्ट्रीय उद्यानं बघायला सगळे तिथेच उतरतात. गाव सुमारे ४,००० फुटांवर आहे आणि जुलैत पारा १०० फॅरनहाइटच्या आसपास असतो. चार हजार फुटांचे १४ टक्के गेले. म्हणजे २,२०० च्या जनरेटरचे १,८०० वॉट तिथे १,५५० च्या आत येतात. १३,५०० चा एसी त्या उकाड्यात १,५०० मागतो. कागदावर जमतंय, प्रत्यक्षात नाही. ट्रेलरच्या बॅटरीचा चार्जर भरीला आला की लाल दिवा. आता सलग ३,००० वॉट देणारा जनरेटर घ्या: मोआबला २,५८० उरतात, प्रोपेनवर २,३०० च्या आसपास. इथे एसी निवांत चालतो आणि वर थोडं शिल्लकही राहतं. २,२०० वाले दोन जोडून ३,६०० केले तर तिथे ३,१०० च्या जवळपास मिळतात.

अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफसारख्या ७,००० फुटांवरच्या गावात ताकदीचा पाव भाग जवळजवळ नाहीसाच होतो. पण तिथे जुलैतही खिडकी उघडून झोपता येतं. खरी अडचण उंचही आणि तापटही असलेल्या मधल्या पट्ट्यात आहे.

कोणता घ्यावा

बांधकामाच्या जागी दिसतात तसे उघड्या सांगाड्याचे जनरेटर स्वस्त असतात. ते लोड असो-नसो, कायम ३,६०० आरपीएमवर धावतात. एसीची मोटर त्यांच्यावर चालेल, पण कॅम्पग्राउंडमध्ये तो आवाज सुरू केलात की पाच मिनिटांत शेजारी दारात. कौटुंबिक सहलीसाठी मी तो विचारच करणार नाही. इन्व्हर्टर प्रकारचा घ्या. लोडप्रमाणे त्याचा वेग बदलतो आणि वीज स्वच्छ येते, त्यामुळे मायक्रोवेव्हपासून कंट्रोल बोर्डापर्यंत सगळं सुखात राहतं.

मग दोन मार्ग उरतात. एक म्हणजे सलग ३,००० वॉटच्या आसपासचा एकच जनरेटर. हार्बर फ्रेट या दुकानसाखळीचा प्रेडेटर ३५०० सलग ३,००० वॉट देतो, होंडाचा ईयू३०००आयएस २,८०० देतो. हे ४० ते ६० किलोंचं धूड असतं. ट्रकमधून उतरवायला दोघं लागतात. दुसरा मार्ग म्हणजे २,२०० वाले दोन आणि मध्ये दोघांची वीज एकत्र करणारं पॅरलल किट. प्रत्येकी वजन २१ ते २५ किलो, एका हाताने उचलता येतो. एसी नको त्या दिवशी बॅटरी चार्ज करायला एकच बाहेर काढायचा. एक बिघडला तरी दुसरा असतो. पैसे जास्त जातात आणि इंधन दोन टाक्यांत भरावं लागतं, पण पाठीचं दुखणं असलेल्या पन्नाशीच्या माणसाला मी दुसराच मार्ग सुचवीन. किट मात्र त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलला चालणारं घ्या.

सॉफ्ट स्टार्टर: सगळ्यात वसूल होणारा खर्च

मोठा जनरेटर घेण्याआधी याचा विचार करा. मायक्रो-एअर इझीस्टार्ट आणि सॉफ्टस्टार्टआरव्ही ही या वस्तूची ओळखीची नावं. तळहाताएवढा डबा असतो, एसीच्या आत बसवायचा. तो कॉम्प्रेसरला एकदम पूर्ण वीज न देता हळूहळू चढवतो. झटका निम्म्याहून बराच खाली येतो. ‘धप्’ ऐकू येत नाही, नुसती घरघर वाढत जाते.

पण तो काय करत नाही तेही नीट समजून घ्या. तो चालतानाचे वॉट अजिबात कमी करत नाही. म्हणजे १३,५०० चा एसी, सॉफ्ट स्टार्टर आणि एक २,२०० चा जनरेटर ही जोडी टेक्सासच्या किनाऱ्यावर, समुद्रसपाटीला, बाकी सगळं बंद ठेवून जमते. तीच जोडी मोआबला दुपारी दोन वाजता जमेल याची हमी मी देणार नाही. आणि १५,००० चा एसी एकट्या २,२०० वर सलग चालवण्याच्या फंदात पडू नका, सुरू झाला तरी.

बसवणं अवघड नाही, पण धोक्याचं आहे. क्रम असा: ट्रेलरची सगळी वीज तोडा, म्हणजे नुसता ब्रेकर पाडून थांबू नका, कॉर्डच काढा. छतावर चढा, एसीचं प्लॅस्टिकचं झाकण काढा, विजेच्या पेटीचा पत्रा काढा. आत डब्यासारखे कपॅसिटर दिसतील. वीज तोडल्यावरही त्यात भार उरलेला असतो आणि तो जबर झटका देतो. तो उतरवायला कपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये इन्सुलेटेड क्लिपांनी योग्य रेझिस्टर जोडून ठेवायचा आणि मग मीटर लावून व्होल्टेज शून्याला आलं का ते बघायचं. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची पद्धत ऐकली असेल तर विसरा. तारा काढण्याआधी फोटो काढा. इझीस्टार्ट लावताना जुना स्टार्ट कपॅसिटर आणि त्याच्याबरोबरचा रिले काढावा लागतो, रन कपॅसिटर मात्र राहतो. तारांची जोडणी तुमच्या एसीच्या मॉडेलप्रमाणे कंपनीच्या आकृतीवरूनच करा, कोणाच्या व्हिडिओवरून नको. मीटर हाताळायची सवय नसेल तर तंत्रज्ञाला द्या. तास-दीड तासाचं काम आहे.

इझीस्टार्ट पहिल्या पाच सुरुवातींत तुमचा कॉम्प्रेसर ‘शिकतो’. या पाच सुरुवाती सहलीला निघण्यापूर्वी घरच्या विजेवर किंवा मोठ्या जनरेटरवर, प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबून, करून घ्या.

जोडणी: प्लग, केबल आणि तो ‘ई२’

३० अँपिअरच्या ट्रेलरचा प्लग टीटी-३० प्रकारचा असतो, १२० व्होल्टचा. मोठ्या जनरेटरवर टीटी-३० थेट मिळतो किंवा फिरवून बसवायचा एल५-३० मिळतो. त्यासाठी छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो. साध्या ईयू२२००आयवर ३० अँपिअरचं आउटलेट नसतं. त्याच्या जोडीसाठी केलेल्या ‘कंपॅनियन’ मॉडेलवर असतं. साध्या आउटलेटमधून अ‍ॅडॉप्टर लावून चालवता येतं, पण मर्यादा मग त्या आउटलेटची.

जाता जाता: घराच्या बाजूला टीटी-३० बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला ‘१२० व्होल्ट’ असं लिहून द्या. तो प्लग कपड्यांच्या ड्रायरच्या प्लगसारखा दिसतो आणि सवयीने २४० जोडलं जातं. ट्रेलरमधली सगळी इलेक्ट्रॉनिक्स एका क्षणात जातात.

केबल १० गेजची हवी (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप; आकडा लहान तितकी तार जाड). ट्रेलरबरोबर येणारी ३० अँपिअरची कॉर्ड तशीच असते. जनरेटर लांब ठेवायला आणखी २५ फूट लागले तर तीही १० गेजचीच जोडा. बागेतली नारिंगी पातळ कॉर्ड अजिबात नको. बारीक तारेत व्होल्टेज पडतं, व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर जास्त अँपिअर खेचतो, आणि तार आणखी तापते. अर्धा तास चालवल्यावर प्लगवर हात ठेवून बघा. कोमट ठीक. हात काढावासा वाटला तर बंद करा.

आता तो प्रसंग जो जवळजवळ प्रत्येक नवख्यावर येतो. सगळं जोडलं, जनरेटर सुरू, आणि ट्रेलरमध्ये वीजच नाही. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीजचा सर्ज प्रोटेक्टर (विजेत दोष असला तर ती अडवणारा डबा) असेल तर त्याच्या पडद्यावर ‘ई२’ दिसतं, म्हणजे अर्थिंग तुटलेलं आहे. जनरेटर बिघडलेला नसतो. बहुतेक इन्व्हर्टर जनरेटरांत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले नसतात, आणि प्रोटेक्टरला ती जोडणी सापडत नाही म्हणून तो वीज अडवतो. उपाय म्हणजे न्यूट्रल-ग्राउंड बाँडिंग प्लग. तो जनरेटरच्याच रिकाम्या आउटलेटमध्ये खोचायचा; दोन जनरेटर जोडले असतील तरी एकच. आधी मॅन्युअल बघा, कारण काही जनरेटरांत ही जोडणी मुळातच असते. आणि हा प्लग घरच्या किंवा कॅम्पग्राउंडच्या विजेला चुकूनही लावू नका. त्याच्यावर लाल टेप गुंडाळून तो जनरेटरच्या पिशवीतच ठेवलेला बरा.

प्रोटेक्टरला बायपास करणं हा उपाय नाही. व्होल्टेज १०४ च्या खाली गेलं की तो वीज तोडतो, आणि कॉम्प्रेसर त्यामुळेच वाचतो.

कार्बन मोनॉक्साइड

इथे सावकाश वाचा. वर सांगितलेलं बहुतेक काही चुकलं तर एसी चालणार नाही, एवढंच होईल. हे चुकलं तर माणसं जातील. अमेरिकेत दरवर्षी आगीशी संबंध नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या (इंजिनाच्या धुरातला विषारी वायू) अपघाती विषबाधेने ४०० हून अधिक लोक मरतात, आणि त्यांत पोर्टेबल जनरेटरचा वाटा नेहमीचा आहे.

जनरेटर ट्रेलरच्या दारा-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर ठेवा, सायलेन्सरचं तोंड ट्रेलरकडे पाठ करून आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वारा दुपारी एकीकडून आणि संध्याकाळी दुसरीकडून येतो, तेव्हा पुन्हा बघा. शेजाऱ्याचा ट्रेलरही त्याच २० फुटांच्या हिशेबात धरा; तुमचा धूर त्याच्या खिडकीत गेला तर काय उपयोग. ट्रेलरखाली, स्लाइड-आउटखाली (भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग), ऑनिंगखाली (बाजूला उघडणारं कापडी छप्पर), मागच्या बंपरला टेकवून, पावसात आडोसा म्हणून कुठल्याही अर्धवट बंद जागेत, नाहीच. स्लाइडच्या रबराच्या फटी आणि फरशीतली पाइपांची भोकं यांतून वायू आत येतो. छतावरचा एसी मुख्यतः आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे आत शिरलेला वायू बाहेर जातही नाही.

ट्रेलरमधल्या कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या पाठीमागे तारीख असते. साधारण पाच ते सात वर्षांत तो संपतो. जुना ट्रेलर घेतला असेल तर आजच उतरवून बघा. शिवाय बॅटरीवरचा एक वेगळा अलार्म झोपायच्या जागेजवळ ठेवा.

एक धोका आपल्या लोकांच्या बाबतीत विशेष जाणवतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, थकवा ही विषबाधेची लक्षणं आहेत. भारतातून नुकत्याच आलेल्या सत्तरीच्या आईला उन्हात फिरून आल्यावर हेच झालं तर आपण म्हणतो, ऊन बाधलं, जेटलॅग आहे, उंचीचा त्रास आहे, आत एसीत पड जरा. जनरेटर चालू असताना असं कोणाला झालं तर उलट करा. सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा, मग जनरेटर बंद करा, आणि ९११ ला फोन करा. बाहेर येऊन बरं वाटलं तरी फोन करा.

नव्या मॉडेलमध्ये हा वायू ओळखून आपोआप बंद होणारा सेन्सर असतो. चांगली सोय आहे, पण तो सेन्सर जनरेटरवर असतो, तुमच्या उशाशी नाही. सगळे झोपलेले असताना जनरेटर चालवू नये, हे माझं ठाम मत.

सुरू करण्याचा क्रम

एसीचा थर्मोस्टॅट आधी बंद. मग ट्रेलरमधली बाकीची उपकरणं. वॉटर हीटरचा विजेचा स्विच बंद करा. तो एकटाच १,४०० वॉट खातो आणि लोक त्यालाच विसरतात. फ्रिज गॅसवर टाका, तीन-चारशे वॉट वाचतात. मायक्रोवेव्ह आणि एसी एकत्र नाहीत. बॅटरी पार उतरलेली असेल तर ट्रेलरचा कन्व्हर्टर ती भरायला आठ-नऊशे वॉट घेऊ शकतो. म्हणून सकाळच्या गार वेळी बॅटरी भरून घ्या, एसी दुपारी. अगदीच गरज पडली तर कन्व्हर्टरचा ब्रेकर तेवढ्यापुरता पाडा, पण एसीचा थर्मोस्टॅट १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो हे लक्षात असू द्या.

जनरेटर सपाट जागेवर ठेवा. कलता राहिला तर तेल कमी असल्याचा समज करून घेऊन तो बंद पडतो. तेल तपासा. इको मोड बंद करा. हे महत्त्वाचं आहे: इको मोडमध्ये इंजिन मंद चालत असतं आणि झटका आला की वेग वाढवायला त्याला वेळच मिळत नाही. लोड न लावता दोन-तीन मिनिटं चालू द्या. मग कॉर्ड जोडा, व्होल्टेज ११५ ते १२५ च्या आत आहे का बघा. एसीचा नुसता पंखा मोठ्या वेगावर लावा. एक-दोन मिनिटांनी थर्मोस्टॅट खाली आणा. ‘ऑटो’ पंखा ठेवू नका. पंखा आणि कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले की झटका विनाकारण वाढतो.

एसी नीट धरला, दहा मिनिटं चालला, की इको मोड परत लावून बघायला हरकत नाही. सॉफ्ट स्टार्टर असेल तर बहुधा जमतं. नसेल तर बंदच ठेवा.

एसी काम करतोय की नाही हे ओळखायची सोपी खूण: आत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांत १६ ते २२ फॅरनहाइटचा फरक हवा. तेवढा असूनही ट्रेलर गार होत नसेल तर दोष एसीचा नाही, ट्रेलरच्या पातळ भिंतींचा आहे. पार्किंग करतानाच लांब खिडक्यांची बाजू पश्चिमेला येणार नाही असं बघा. ऑनिंग उघडा, छतावरच्या हवेच्या झरोक्यांत आतून फोमची उशी बसवा, खिडक्यांना चकचकीत इन्सुलेशन लावा. आणि एसी उशिरा सुरू करू नका. दुपारी चारला आत ९८ झाल्यावर सुरू केलात तर अंधार पडेपर्यंत तो झगडत राहील. अकराला ८० वर असताना लावलात तर ताब्यात ठेवतो. पोहे-उपमा बाहेरच्या शेगडीवर करा, प्रेशर कुकर तर नक्कीच.

किती तास, आणि कोणाची परवानगी

ईयू२२००आयची टाकी एका गॅलनला थोडी कमी आहे. पूर्ण लोडवर ती सुमारे तीन तास चालते, पाव लोडवर आठ. जाहिरातीत आठ दिसतात. एसीसह तुम्हाला तीन-चार तास मिळतील. म्हणजे रात्रभर एसी चालवणं हे इंधनाच्या बाबतीतही खुळेपणाचं आहे, आणि नियमांतही बसत नाही. राष्ट्रीय उद्यानांच्या कॅम्पग्राउंडमध्ये जनरेटरच्या वेळा ठरलेल्या असतात, बहुधा सकाळी आणि संध्याकाळी दोन-दोन तासांच्या. यूटातल्या झायन उद्यानाच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये तर जनरेटरला बंदीच आहे. तिथल्या बऱ्याच जागांना वीज आहे, ती आधी राखून ठेवा. उद्यानांत ५० फुटांवर ६० डेसिबलची मर्यादाही आहे. जनरेटरच्या खोक्यावरचा डेसिबलचा आकडा बहुधा पाव लोडवरचा असतो, आणि एसी पाव लोड नव्हे. फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे सरकारी वनखात्याच्या जमिनीवर स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) लागतो. तो सायलेन्सरच्या तोंडाशी असतो, काढून टाकू नका.

दुपारच्या वेळी जनरेटरला परवानगी नसलेल्या जागी जुलैत आई-बाबांना घेऊन जाणार असाल, तर या लेखातल्या कशाचाही उपयोग नाही. विजेची जागा बुक करा. लिथियम बॅटरीने हे सुटेल असं वाटत असेल तर तोही हिशेब करा: १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी सुमारे १,२८० वॉट-तास देते. एसीला ती तासभरही पुरत नाही.

पेट्रोल, आणि बंद करताना

पेट्रोलचा कॅन ट्रेलरमध्ये ठेवू नका, कारमध्ये तर नाहीच. ट्रकच्या मागे, सावलीत, बांधून. कॅन भरताना जमिनीवर ठेवून भरा. ट्रकच्या प्लॅस्टिक अस्तरावर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. जनरेटरमध्ये भरताना तो बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल चालतं, त्याहून जास्तीचं नको.

बंद करायचा क्रम उलटा: आधी थर्मोस्टॅट बंद, पंखा दोन मिनिटं तसाच, मग कॉर्ड काढा, मग इंजिन दोन-तीन मिनिटं रिकामं चालवून थंड होऊ द्या, मग बंद. टाकीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेल अशी वेळ एसी चालू असताना येऊ देऊ नका. शेवटच्या आचक्यांत व्होल्टेज वर-खाली होतं आणि ते कॉम्प्रेसरला सोसत नाही.

नव्या होंडाचं तेल पहिल्या २० तासांनी बदलायचं असतं, नंतर दर १०० तासांनी. एअर फिल्टर ५० तासांनी साफ करायचा, वाळवंटातल्या लाल धुळीत त्याच्या निम्म्यातच. सप्टेंबरात शेवटची सहल झाली की टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं उरलंसुरलं इंजिन चालवून संपवा. प्रोपेनवर चालवणाऱ्यांनी फक्त नळी काढून तोंडाला टोपी लावायची.